ओल्या चुन्यावरील चित्रे : ब्रदर मोस्केनी यांचे कार्य

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद शहरापासून सुमारे 20 किलोमीटरांवर जैनथ हे गाव वसलेले आहे. काळीभोर कपाशीची जमीन, आणि घराघरांतून मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांचा सहज वावर. 1956 साली भाषावार प्रांत झाले तेव्हा हा भाग आंध्रात गेला, 2014 साली तेलंगणात आला. परंतु नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्याशी सोयरीक काही तुटली नाही. गावाचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत आढळते ते येथील शिलालेखामुळे. परमार राजा जगद्देव याचा सेनानी लोलार्क याच्या पद्मावती नामक पत्नीने येथे सूर्याचे मंदिर उभारले, असे त्या लेखात नमूद आहे. गावातील काळ्या पाषाणाच्या लक्ष्मीनारायण मंदिरात वर्षातील ठराविक दिवशी सूर्यकिरण थेट मूर्तीच्या चरणांवर पडतात असे गावकरी अभिमानाने सांगतात. बांधणाऱ्यांनी उजेड कोठून यावा याचा विचार आधी केला व मगच दगड रचला, हे उघड आहे.

उजेडाचा असाच विचार करणाऱ्या एका इटालियन चित्रकाराविषयी आज आम्ही लिहीत आहोत. त्याचे काम पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. आदिलाबादहून नांदेड, मनमाडमार्गे आगगाडीने मुंबई गाठावी व कुलाब्याच्या बाजूस वुडहाउस मार्गावरील होली नेम कॅथेड्रलची वाट विचारावी. दोन उंच मनोऱ्यांचे ते मंदिर 1905 साली पुरे झाले. आत पाऊल टाकताच मान आपोआप वर जाते. बाहेर मोटारींचा गलबला, आत मात्र छतावर व भिंतींवर संतांची मांदियाळी. हे चित्रकाम येशूसंघाचे ब्रदर अंतोनिओ मोस्केनी यांच्या हातचे. त्या वेळी मुंबईचे महाधर्मगुरू थिओडोर डालहॉफ हे जर्मन, येथील येशूसंघीयही बहुतांशी जर्मन, आणि चित्रकार तेवढा इटलीचा, तोही मंगळूरच्या मिशनातून आलेला!

मोस्केनी यांचा जन्म 1854 साली बेर्गामो शहरानजीकच्या स्तेत्सानो या खेड्यात झाला. बेर्गामोच्या कारारा कलाविद्यालयात एनरिको स्कुरी या शिक्षकाच्या हाताखाली ते शिकले व पुढे रोमला जाऊन व्हॅटिकनमधील थोर कलावंतांची चित्रे त्यांनी अभ्यासिली. ते ऐन विशीत होते तेव्हा, 1874 साली, पॅरिसमध्ये एका चित्रप्रदर्शनाने मोठी खळबळ उडवून दिली. ज्यांना पुढे ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणू लागले त्या मंडळींचे ते पहिले प्रदर्शन. बंद खोलीत बसून देवदेवता व राजेरजवाडे रंगविण्यापेक्षा उघड्यावर जावे, पाण्यावर, रस्त्यावर, झाडापानांवर क्षणभर पडलेला उजेड टिपावा, हे त्यांचे म्हणणे. त्या प्रदर्शनात जुझेप्पे दे नित्तिस हा दक्षिण इटलीचा तरुणही होता; व्हेनिसचा झांदोमेनेगी काही वर्षांनी त्यांना जाऊन मिळाला. फ्लॉरेन्समधील काही चित्रकार तर त्यांच्याही आधीपासून रंगांचे ठळक ठिपके शेजारी शेजारी ठेवून ऊन रंगवीत होते. म्हणजे त्या काळच्या इटालियन तरुणापुढे नवी वाट खुली होती.

मोस्केनी त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी जुनी, ठाशीव रेखाटनाची परंपरा धरली आणि 1889 साली, वयाच्या 35 व्या वर्षी, येशूसंघात ब्रदर म्हणून प्रवेश केला. कलापंडित यामुळे त्यांना मागासलेले म्हणतील. आमचे मत निराळे आहे. पॅरिसचा चित्रकार दिवाणखान्यात टांगण्याजोगे चित्र करीत होता. मोस्केनींना भिंत भरावयाची होती, आणि तीही अशी की शेवटच्या बाकावरच्या अक्षरशून्य म्हातारीलाही शुभवर्तमान समजावे. क्षणिक उन्हाचे कवडसे तिला काय सांगणार?

मंगळूरचे मिशन 1878 साली इटालियन येशूसंघीयांकडे सोपविण्यात आले होते. 1880 साली त्यांनी संत आलॉयसियसच्या नावे महाविद्यालय काढले व पुढे टेकडीवर त्याचे प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या भिंती रंगविण्यासाठीच मोस्केनी भारतात आले आणि एकोणिसावे शतक सरता सरता त्यांनी ते काम हाती घेतले. छताच्या मध्यभागी संत आलॉयसियस गोंझागा यांचे जीवन आहे: सरदारघराण्याचा हा मुलगा दरबार सोडतो, आणि 1591 साली रोममध्ये साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता तेविसाव्या वर्षी देह ठेवतो. शिवाय प्रेषित आहेत, प्रभू येशूचा जन्म आहे, काना गावचे लग्न आहे, आणि मुलांना जवळ घेणारा प्रभूही आहे. छतावरील चित्रे कापडावर तैलरंगांनी केलेली, तर भिंतींवरील चित्रे ओल्या चुन्यावर.

हा ओल्या चुन्याचा प्रकार आमच्या वाचकांना समजावून सांगण्यास फारसा त्रास पडणार नाही, कारण चुन्याची भट्टी व चुन्याची घाणी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. चुना पाण्यात दीर्घकाळ मुरवावयाचा, वाळू घालून त्याचा गिलावा करावयाचा, आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालविलेला रंग त्यावर चढवावयाचा. डिंक नाही, तेल नाही. गिलावा वाळताना हवेतील कर्बवायू शोषून घेतो, पुन्हा दगडासारखा होतो, आणि रंग त्या दगडातच अडकून राहतो. म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपतो. तुकडा वाळला की हात थांबला; चूक झाली तर खरवडून पुन्हा लिंपणे आले. घरातील आई सारवलेली जमीन सुकण्याच्या आत रांगोळीचे बोट उमटविते, तशातलीच ही घाई, फक्त परातीवर चढून आणि मान मोडेपर्यंत वर पाहत. मंगळूरच्या दमट हवेत हे किती जिकिरीचे झाले असेल, ते गवंडीकाम केलेल्यालाच कळेल.

आता एक गोष्ट आमच्या मनाला लागलेली आहे, ती सांगूनच टाकतो. खेड्यापाड्यांतील जुन्या देवळांच्या चुन्याच्या भिंतींवर हल्ली चकचकीत तैलरंग फासण्याची आवड वाढली आहे. चुन्याची भिंत ओल घेते व सोडते. वर तैलरंगाचा थर बसला की ओल आतच कोंडते, पोपडे धरतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्यासह सारे गळून पडते. खाली जुनी नक्षी असेल तर तीही गेली. जुनी भिंत रंगविण्यापूर्वी एका कोपऱ्यात हलक्या हाताने खरवडून खाली काय आहे ते पाहावे, व शक्य तोवर चुनाच लावावा. तो स्वस्तही पडतो. मंगळूरची चित्रेसुद्धा ओल व काळ यांनी खराब होत चालली होती. 1990 नंतरच्या वर्षांत जाणकारांकडून त्यांची दुरुस्ती करवून घेतली म्हणून ती आज दिसतात.

मोस्केनींचे संत गोरे, इटलीच्या माणसांसारखे आहेत, ही तक्रार आम्ही ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. तिचे उत्तर पुढे गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी दिले. 1902 साली जन्मलेल्या या चित्रकाराने पुण्यास राहून पवित्र मरियेला आपल्याकडील लुगड्यात रंगविले. त्याबद्दल त्यांना टीकाही सोसावी लागली. गंमत अशी की फोन्सेकांचे गुरू अवनींद्रनाथ ठाकूर यांनी तरुणपणी कलकत्त्यास धडे घेतले होते ते गिलार्डी नावाच्या एका इटालियनाकडेच! विद्येला गाव नसतो, एवढेच यावरून म्हणावे.

मुंबईनंतर मोस्केनी कोचीनला गेले. तेथील सांता क्रूझ कॅथेड्रलसाठी त्यांनी व मंगळूरच्या द गामा या त्यांच्या शिष्याने मोठमोठी चित्रे केली. प्रभूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र लिओनार्दोच्या प्रसिद्ध चित्रावरून उतरविलेले आहे. 1905 च्या नोव्हेंबरात त्या मंदिराचे पवित्रीकरण व्हावयाचे होते. त्याच्या अवघे काही दिवस आधी ब्रदर मोस्केनी तेथेच निवर्तले. वय 51. भारतात त्यांना सात-आठ वर्षेच मिळाली.

लग्नकार्यानिमित्त किंवा मुलांच्या नोकरीनिमित्त आमची पुष्कळ कुटुंबे मुंबईस जातात. होली नेमला सकाळच्या मिस्सेनंतर थोडे थांबावे. रंगीत काचांतून ऊन आत येऊ लागते तेव्हा छत नीट दिसते. दुपारी विजेच्या दिव्यांवर ते तितके खुलत नाही. मुलांना बाकावर आडवे पडून पाहू द्यावे. सेवक रागावला तर आमचे नाव सांगावे.