सैल स्क्रू

आमच्या जुन्या मोटारसायकलखाली रोज सकाळी तेलाचा रुपयाएवढा डाग पडायचा. सौ. फरशी पुसताना कुरकुरायची आणि मी ‘गाडीचं वय झालं’ म्हणून हसण्यावारी न्यायचो.

एके दिवशी लेकीला शाळेत सोडताना वळणावर मागचं चाक सरकलं. पडलो नाही, एवढंच! वाकून पाहिलं तर टायरला तेल लागलेलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “आधी इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू बघ.” पाहतो तर काय, तीन स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होते! इंजिनाच्या थरथरीने स्क्रू सैल होतात, झाकणाखालच्या गॅस्केटवरचा दाब कमी होतो आणि फटीतून तेल झिरपू लागतं.

मी जोर लावून पहिलाच स्क्रू आवळायला घेतला. बाबांनी हात धरला. “अरे, ॲल्युमिनियम आहे ते! आटे गेले तर खर्चात पडशील. इंजिन थंड होऊ दे. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा. एवढं करूनही गळलं, तर गॅस्केट बदलायचं.”

तसंच केलं. झाकण पुसलं, टायर साबणाने धुतला, इंजिनात कमी झालेलं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी होती. सौ. खूश झाली. मी मात्र गप्पच होतो. तो डाग महिनाभर मला रोज काहीतरी सांगत होता आणि मी लेकीला मागे बसवून खुशाल गाडी पळवत होतो. काम होतं जेमतेम अर्ध्या तासाचं!