टर्बोच्या मागचा पाईप

सायलेन्सरला भोक पडलं, तिथून हे सगळं सुरू झालं. गाडी फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय, २०२१ ची. बनली आमच्या चाकणला, पण पहिल्या मालकाने ती रत्नागिरीत समुद्राजवळ वापरली. एमएच ०८ ची पाटी अजून तशीच आहे. खारा वारा आणि रोजच्या घर-ते-बाजार फेऱ्या, या दोघांनी मिळून मागचा डबा खाऊन टाकला. पेट्रोल जळलं की पाणीही तयार होतं. लांबच्या प्रवासात पाईप तापतो आणि त्या पाण्याची वाफ होऊन जाते. जवळच्या फेऱ्यांत ते डब्यातच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. पुढे पुढे माझी गाडी अशी फडफडायला लागली की मी वळणावर दिसायच्या आधीच वॉचमनकाका गेट उघडायचे.

कंपनीचा नवा डबा बसवला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण कोटेशन हातात पडलं त्याच संध्याकाळी भाचा घरी आला. "मावशी, एवढे पैसे घालणारच आहेस तर अख्खा एग्झॉस्टच अपग्रेड कर ना. टर्बो आहे तुझी! कंपनीवाले गळा आवळून ठेवतात." मी लेखापरीक्षण करणारी बाई. इतकी वर्षं वॅगनआर चालवली, बॉनेट उघडलं ते वायपरचं पाणी भरण्यापुरतं. पण 'अपग्रेड' शब्द ऐकला की किती घालायचे, काय मिळायचं आणि काय गमवायचं हे मांडून बघितल्याशिवाय मला झोप येत नाही.

मग जो भेटेल त्याला विचारत सुटले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर जोशीकाका म्हणाले, "इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच, पाईप मोठा केलात तर पिकअप जाईल." भाचा म्हणाला, काकांचं ज्ञान कार्ब्युरेटरच्या काळातलं आहे. नाना पेठेतल्या दुकानदाराने काहीच सांगितलं नाही, त्याने मोबाइलवर एक क्लिप लावली आणि विचारलं, "आवाज कसा वाटतो, मॅडम?" शिवाय प्रत्येकाच्या तोंडी वेगळे शब्द: डाउनपाइप, मिडपाइप, कॅटबॅक, अ‍ॅक्सलबॅक, हेडर, स्टेज वन, स्टेज टू. मी वहीत लिहून घेत होते आणि प्रत्येक नोंदीपुढे प्रश्नचिन्ह काढत होते.

शेवटी आमच्या गॅरेजवाल्याला म्हटलं, मला दाखवाच. त्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि हातात टॉर्च दिला. हे मात्र प्रत्येक गाडीवाल्याने एकदा करावं. खालून बघितलं की सगळी भानगड एका रेषेत दिसते: पुढे इंजिन, त्याला चिकटलेला टर्बो, टर्बोच्या तोंडालाच धूर स्वच्छ करणारा कॅट, तिथून मागे जाणारा मनगटाएवढा पाईप, वर अल्युमिनियमचा सुरकुतलेला पत्रा, आणि सगळं रबराच्या कड्यांवर लोंबकळत ठेवलेलं. मागच्या डब्याच्या शिवणीवर बोटभर लांबीची चीर होती आणि तिच्याभोवती काजळीचा काळा गोल उमटला होता. गॅरेजवाल्याने पान्याच्या टोकाने तिथे टोचलं, तर पत्र्याचे पापुद्रे खाली पडले.

"हेडर कुठाय?" मी वहीत बघून विचारलं. तो हसला. या इंजिनात एग्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, वेगळा काढून बदलण्यासारखा भागच नाही. यादीतली एक ओळ तिथेच कटली.

आता जोशीकाकांच्या बॅक प्रेशरचं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, फक्त ते दुसऱ्या जातीच्या इंजिनाचं होतं. साध्या, विनाटर्बो इंजिनात एका सिलिंडरमधून निघालेला धुराचा झोत पुढे पळताना मागच्याला ओढून घेतो. पाईप नको तेवढा रुंद केला की झोताचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमला इंजिन मरगळतं. फायदा असतो तो त्या वेगाचा. दाब लागतो हा त्यातून पसरलेला समज. टर्बो गाडीत तो झोत आधी टर्बाइनवर आदळतो, तिचं चाक मिनिटाला दोन लाखांवर फेऱ्या मारतं, आणि झोतातली बरीचशी लय आणि आवाज तिथेच मोडतो. टर्बाइन फिरते ती पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. म्हणून टर्बोच्या मागे वाट जितकी मोकळी तितकी बरी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, तेव्हापासून यातलं भौतिकशास्त्र काही बदललेलं नाही. म्हणजे तत्त्वतः भाचा बरोबर होता.

पण तत्त्व आणि माझी पोलो यांच्यामध्ये एक कॉम्प्युटर बसलेला आहे, आणि ही गोष्ट मला कुणीच आपणहून सांगितली नव्हती. माझ्या गाडीला कंपनीने ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर एवढं ठरवून दिलंय. हा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पायाच्या दाबावरून किती टॉर्क द्यायचा ते ठरवतो, त्यासाठी किती हवा कोंबायची ते ठरवतो, आणि तेवढी झाली की वेस्टगेट उघडून उरलेला धूर टर्बाइनला वळसा घालून सोडून देतो. मागचा पाईप मोकळा केला तर ईसीयू खूश होऊन जास्त ताकद देत नाही. वेस्टगेट जरा जास्त उघडतो आणि तेवढाच टॉर्क देतो. टर्बो किंचित लवकर जागा होईल, वरच्या आरपीएमला घुसमट थोडी कमी होईल, एवढंच. खरी ताकद वाढते ती रिमॅपने, म्हणजे ईसीयूचे आकडेच बदलल्यावर. स्टेज वन म्हणजे नुसता रिमॅप, पाईप कंपनीचाच. त्यावर पंचवीस-तीस बीएचपी वाढतात असा ट्यूनरचा दावा. पाईप लागतो स्टेज टूला, आणि तो भाचा दाखवत होता तो मागचा चकचकीत पाईप नव्हे. तो पुढचा डाउनपाइप, ज्यात कॅट असतो.

इथे मी वहीत दोन रकाने केले. मागचा पाईप: आवाज भरपूर, ताकद नावापुरती. पुढचा पाईप: ताकद खरी, पण कॅट जाणार.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाल्याकडे कुठल्यातरी जुन्या गाडीचा कापलेला कॅट पडला होता, तो त्याने हातात दिला. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, भोकं इतकी बारीक की टाचणीच कशीबशी शिरेल. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं तिथे बरंचसं निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. पण हे होतं ते जाळी अडीचशे-तीनशे अंशांवर तापल्यावरच, म्हणून बीएस सिक्सच्या गाड्यांत ती टर्बोच्या तोंडाशी आणून बसवली आहे. त्या मौल्यवान धातूंमुळेच काढलेल्या जुन्या कॅटला भंगारात चांगला भाव येतो. "जुना भाग तुम्ही आमच्याकडेच ठेवा" असं प्रेमाने कुणी म्हणालं तर त्यामागे काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

कॅटच्या मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅट काढला की तो बोंब मारतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग रिमॅप करताना त्या सेन्सरचं तोंड सॉफ्टवेअरमध्ये बंद करायचं. "आणि पीयूसी?" मी विचारलं. स्टेज टूचं कोटेशन देणारा म्हणाला, "ते बघून घेऊ." लेखापरीक्षणात हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि ते ऐकल्यावर फाइल नेहमी पहिल्या पानापासून परत वाचलीय.

मी माझी पीयूसीची चिठ्ठी काढली. आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. माझे आकडे त्याच्या कितीतरी खाली. मग कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांसाठी वेगळं कलम, १९० (२): पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. नुसता मागचा डबा बदलणं कुठे बसतं यावर गॅरेजवाले तासभर वाद घालतील. कॅट काढल्यावर मात्र वादाला जागाच राहत नाही. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलीस त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात ते आपण बघतो. धुराची पाळी कधी येईल ते येईल.

राहिला आवाज. इथे मी जरा डळमळले, हे खरं. भाच्याच्या मित्राच्या गाडीला कॅटबॅक, म्हणजे कॅटच्या मागचा सगळा पाईप, लावलेला होता, त्याने मला मुळशी रोडला फिरवून आणलं. दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागून असा घोगरा, भरीव सूर उठला की मला चक्क हसू फुटलं. वॅगनआरने इतक्या वर्षांत असं काही दिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच गाडीतून एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला गेलो. शंभरच्या स्पीडला, पाय स्थिर, आणि डोक्यात एकसुरी घूं… घूं… याला ती मंडळी ड्रोन म्हणतात. हिशेब सोपा आहे: तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीन स्फोट, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला साठ. नेमका तो साठ हर्ट्झचा हुंकार मारण्यासाठी कंपनीने मध्ये रेझोनेटर आणि मागे मोठा डबा घातलेला असतो. तो काढला की लोणावळ्यापर्यंत कपाळ धरून बसायचं. परत आल्यावर मित्राने बेसमेंटमध्ये गाडी लावली, तर भिंती दणाणल्या आणि वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. नवीन कारसाठी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, आणि गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयची टेकडी माझ्या गच्चीवरून दिसते. तिच्या पायथ्याशी राहून मी बाळाला रडवायचं, हे काही जमेना.

मी कंपनीचाच डबा बसवला. उरलेल्या पैशांत चार टायर घेतले, कारण जुने रत्नागिरीच्या उन्हात कडक झाले होते. ताम्हिणीच्या पावसात त्यांचा फरक लगेच कळला; पाईपचा कळला असता असं मला वाटत नाही. भाचा अजून नाराज आहे. त्याला म्हटलंय, वॉरंटीची काळजी नसेल आणि खाज असेलच, तर कॅट जागेवर ठेवून चांगल्या ट्यूनरकडून स्टेज वन कर, आणि विमा कंपनीला लेखी कळव.

तुमच्याकडे टर्बो गाडी असेल आणि कुणी एग्झॉस्ट विकायला आला, तर त्याच्याकडे दोन गोष्टी मागा. एक, तुमच्याच मॉडेलचा, ताकद मोजणाऱ्या एकाच मशीनवर, म्हणजे डायनोवर, एकाच दिवशी काढलेला आधीचा आणि नंतरचा कागद. दोन, पाईप बसवल्यानंतर काढलेली पीयूसीची चिठ्ठी. दोन्ही मिळाले तर बोलणी करा. त्याऐवजी मोबाइलवर क्लिप लावली, तर चहा पिऊन घरी या.