बर्फाखालचा गहू

आमच्या अकोल्यात बर्फ पडत नाही. एवढे सांगण्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालायला नकोत, हे मलाही कळते. पण यंदा शिवरात्र झाली आणि पुढे आठ-दहा दिवस आमच्या घरात बर्फाखेरीज दुसरा विषय नव्हता. त्याला कारण माझी पंच्याऐंशी वर्षांची आई.

आधी एक खुलासा करून टाकतो. हे अकोले म्हणजे नगर जिल्ह्यातले – आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातले – प्रवरेच्या काठचे. विदर्भातले अकोला निराळे. पण 'अकोल्याला जायचे' म्हटले की बोलताना दोन्ही गावे एकच होऊन जातात. माझ्या लग्नाला निघालेले एक दूरचे पाहुणे तिकडच्या अकोल्याला उतरले, दिवसभर मांडव शोधत हिंडले आणि उन्हाने बेजार होऊन परत गेले. त्यांनी अहेर मात्र पुढे मनीऑर्डरने पाठवला.

आमचा तालुका मोठा विचित्र आहे. पश्चिमेच्या टोकाला घाटघर. तिथे पाऊस असा कोसळतो की लोक त्याला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. त्याच अंगाला हद्दीवर कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीची, राज्यातली सर्वांत उंच. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले तेही त्याच डोंगरांतले पाणी अडवायला. आणि इकडे पूर्वेला, संगमनेरच्या बाजूला, पावसाची वाट पाहून डोळे शिणतात. अशा दोन स्वभावांच्या माणसांत नांदणाऱ्या सुनेसारखे आमचे गाव मध्ये बसले आहे. तिची खरी परीक्षा माघ-फाल्गुनात होते. पहाटे शेकोटीजवळून उठवत नाही, दुपारी सदरा अंगाला चिकटतो, आणि दिवे लागायच्या सुमाराला पश्चिमेला आभाळ भरून येते. शाळेत मास्तर असताना या दिवसांत मी सकाळी स्वेटर घालून जाई आणि दुपारी तो काखोटीला मारून परत येई. वर्गातली निम्मी मुले शिंकत असत.

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्याकडची थंडी निघते खरी, पण उंबऱ्याशी घुटमळते, विसरलेले काहीतरी न्यायला दोनदा परत येते. तेवढ्यात धुई पडते आणि आंब्याचा मोहर काळा पडतो. दोन दिवस आभाळ राहिले की गव्हावर तांबेरा, हरभऱ्याच्या घाट्यांत अळी, कांद्याच्या पातीवर करपा. शहरातल्या माणसाला ढगाळ हवा म्हणजे चहा-भज्यांची वेळ वाटते. आमच्याकडे कुणी ढग पाहून 'काय छान हवा पडली आहे!' म्हणाला, तर तो पाहुणा आहे हे चटकन ओळखू येते.

तरी या दिवसांतली एक गोष्ट मला फार प्रिय होती. पहाटे दहिवर पडत असताना आई हरभऱ्याच्या वावरात धुतलेले पातळ फडके पसरून ठेवी. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट खार त्या दवात उतरे आणि फडके ओलेचिंब होई. उन्हे वर यायच्या आत ती ते पिळून बाटलीत भरून ठेवी. ही 'आंब'. वर्षभर कुणाचे पोट दुखले की चमचाभर. आमच्या घरात थंडी अशी पिळून बाटलीत भरून फळीवर ठेवलेली असे. पाणी आकाशातून इतक्या हळुवारपणे उतरते आणि औषध होऊन राहते, हे पाहत मी वाढलो. त्याचे दुसरे रूप मी चौथीत असताना पाहिले.

तोवर बर्फ मला माहीत होता तो जत्रेतला. शिवरात्रीला आमच्या गावी अगस्तीची जत्रा भरते. तिथे गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी कुठून तरी येई. गोळेवाला ती रंध्यावर किसून त्यावर लाल रंग ओती. बर्फ भुशात ठेवला की वितळत नाही, हे मोठे शास्त्रीय ज्ञान मला त्या गोळेवाल्याकडून मिळाले होते.

जत्रा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. गहू कापणीला आला होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, बैलगाडी घेऊन वावरात गेले होते. दुपारी उकडत होते, आणि एकाएकी असा गार वारा सुटला की आईने जात्यावरून मान वर केली. मग कौलांवर ताडताड आवाज सुरू झाला. मी ओट्यावर धावलो तर अंगणात बोराएवढ्या गारा उड्या मारीत होत्या. आई आत गेली, मुसळ आणि विळा घेऊन आली आणि दोन्ही अंगणात फेकले. लोखंड पाहिले की गारा थांबतात, असे तिच्या आईने तिला सांगितले होते. मुसळाच्या लोखंडी वसूवर गारा टणटण वाजत राहिल्या. मला त्या आवाजाची भारी गंमत वाटली.

मी नाचत होतो, हे लिहायला आज जड जाते. पण नाचतच होतो. गारांचा जोर ओसरताच मी हिंगाचा पत्र्याचा डबा आणला. लाकडाचा भुसा आमच्याकडे कुठला? मी गोठ्यातून गव्हाचे भूस घेतले, त्याचा थर दिला, वर गारा, वर पुन्हा भूस, आणि झाकण घट्ट लावले. जत्रेला पैसा न देता माझ्याजवळ आता बर्फ होता.

आण्णा तिन्हीसांजेला आले. आपली घोंगडी त्यांनी बैलांच्या पाठीवर टाकली होती आणि स्वतः गाडीखाली बसले होते. तरी मनगटावर आणि कपाळावर काळेनिळे वळ होते. ते ओट्यावर टेकले. आईने काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही. मी मात्र डबा घेऊन पुढे झालो.

"बघू," ते म्हणाले.

मी झाकण काढले. त्यांनी भूस बाजूला सारून एक गार उचलली, क्षणभर पाहिली आणि तोंडात टाकली. दुसरी माझ्या तोंडात घातली. "गार हाये की रं," एवढेच म्हणाले. मग झाकण स्वतःच्या हाताने लावून डबा माझ्या हाती दिला आणि आईला चहा टाकायला सांगितले.

त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर मी ती गोष्ट केव्हाच विसरलो असतो.

सकाळी डबा उघडला तर नुसते ओले भूस. मी तो तसाच हातात घेऊन वावरात गेलो. सगळा गहू जमिनीला टेकला होता, कुणी वरवंटा फिरवल्यासारखा. ओंब्या तुटून चिखलात रुतल्या होत्या आणि चिमण्यांचे थवे उतरले होते. आई आणि आण्णा खाली वाकून एकेक ओंबी वेचत होते. मी डब्यातले भूस बांधावर उपडे केले आणि डब्यात ओंब्या भरू लागलो. तीन दिवस आम्ही तेच केले. त्या गव्हाला बरेच कोंब फुटले होते. त्याची पोळी चिकट व्हायची, दाताला लागायची. होळीच्या पुरणपोळीला आईने मामांकडून पायलीभर गहू आणवले.

पुढे २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी जी गारपीट झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा शेत धाकटा भाऊ पाहत होता, गव्हाच्या जागी कांदा होता. घर स्लॅबचे झाले होते, त्यामुळे कौलांचा ताडताड आवाज नव्हता. पण आईने मुसळ फेकले ते फेकलेच. भावाचा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याने एक मोठी गार उचलली, विळीवर धरून अर्धी कापली आणि मला दाखवली. आत एकात एक अशी वलये होती, एक पांढुरके, एक काचेसारखे. "काका, कांदाच आहे हा," तो म्हणाला.

आता ही वलये कशी पडतात ते मला त्याच पोराने शिकवले. हिवाळा संपताना जमीन दुपारी तापते, पण डोक्यावर चार-पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठवणारी थंडी असतेच. त्यात पश्चिमी चक्रावात येतात, भूमध्य समुद्राकडून निघून काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडणारे. त्यांची गार हवा वरून, समुद्रावरची दमट हवा खालून, आणि मध्ये उभा ढग. त्या ढगातला वर चढणारा वारा पाण्याच्या गोठलेल्या कणाला खाली पडू देत नाही. कण तरंगत राहतो, त्यावर थरावर थर चढत जातात आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की सुटतो. म्हणजे उंबऱ्याशी घुटमळणारी थंडी आणि दारात आलेला उन्हाळा यांचे ते भांडण. मार बसतो तो आमच्या वावराला.

तो पोरगा पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत, कॅन्सस राज्यात गेला. शिवरात्रीनंतर एका संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. त्याच्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते. भावाने फोन आईच्या तोंडासमोर धरला. पोराच्या मागे सगळे पांढरे.

"आरं, ते काय सांडलंय? मीठ?"

"बर्फ आहे, आजी. रात्रभर पडला."

"रातभर? मग तुला झोप कशी लागली?"

तो हसला. "आजी, याचा आवाज नसतो."

आईने फोन जवळ घेतला. तिला वाटले, तो तिची चेष्टा करतो आहे. आभाळातून बर्फ पडतो आणि आवाज होत नाही, हे तिला कुणी कधी सांगितले नव्हते. तिने दोनदा विचारले, तीनदा विचारले. मग खाली आवाज करून म्हणाली, "आन् तिथल्या लोकांच्या गव्हाचं रं?"

साठ वर्षांपूर्वी डबा घेऊन नाचणाऱ्या मला हा प्रश्न सुचला नव्हता. आजही बर्फ पाहून मला पहिल्यांदा सुचले ते, 'वा!'

पोराने तिला समजावले. तिकडे गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. बोटभर उगवला की थंडी येते आणि तो तसाच निजतो. ती थंडी सोसल्याशिवाय त्याला पुढे ओंबीच धरत नाही. वर बर्फ पडला तर उलट बरे, कारण भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि बाहेर कितीही गारठा पडला तरी खालची माती तितकी गारठत नाही. वसंतात तोच बर्फ वितळून पाणी देतो, जूनमध्ये कापणी. १८७४ साली रशियातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी असला कणखर गहू तिकडे नेला, आणि आज ते राज्य गव्हासाठी ओळखले जाते.

"म्हंजी गोधडीच की," आई म्हणाली. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग हितं पडला आसता त्यो, गारांच्या जागी?"

"नाही आजी. आपला गहू तेव्हा ओंबीत असतो. त्याला नाही सोसायचा."

आई गप्प झाली. मला वाटले, विषय संपला. पण दुसऱ्या दिवसापासून येईल त्या बाईला ती सांगू लागली, "आमच्या पोराच्या गावाला बर्फ पडतो, पन आवाज करीत न्हाई." ऐकणारीला यात विशेष काय ते कळत नसे. ज्यांच्या घरी शेती आहे त्या मात्र हातातले काम थांबवून "खरंच?" म्हणत.

तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून फोन लावायला सांगितला. "त्याला म्हनाव, बर्फाखालचा गहू दाखव. डोळ्यांनी बघितल्याबिगर माझा इस्वास न्हाई."

पोरगा गुणाचा. सकाळच्या गारठ्यात कुठल्याशा शेताच्या कडेला जाऊन उकिडवा बसला आणि हातमोजा घातलेल्या हाताने बर्फ उकरू लागला. पांढरे, पांढरे, मग ओली काळी माती, आणि त्यात चार-पाच हिरवी पाती. जमिनीसरशी दबलेली, पण हिरवी. आईने चष्मा सारखा केला आणि फोनच्या काचेवर बोट ठेवले.

"आण्णांनी बघायला पायजे होतं," ती म्हणाली. आण्णांना जाऊन तेवीस वर्षे झाली.

काचेवरचे बोट तिने काढले नाही. तिकडे पोराचे नाक लाल झाले होते, पण तोही पाती झाकायला तयार नव्हता. एवढ्यात अंगणातून वाऱ्याचा झोत आला आणि ओसरीतले कॅलेंडर भिंतीवर आपटले. पश्चिमेला वीज चमकली. सकाळी घातलेल्या गव्हाच्या कुरडया अजून ओलसर म्हणून बाहेर बाजेवरच होत्या.

"झाक ते, झाक पयलं, गारठंल," आई फोनमध्ये ओरडली, आणि लगेच आमच्याकडे वळून, "बसलात काय? कुरडया उचला!"

आम्ही सगळे धावलो. बाज दाराशी आडवी झाली, दोन पोरींनी लुगड्याची चार टोके धरली, निम्म्या कुरडया मोडल्या. मी मागे वळून पाहिले तर आई काठी टेकत कोपऱ्यातल्या मुसळाकडे निघाली होती.