पिशवीवरची तारीख, टायरवरची तारीख



तीस वर्षे गावोगाव फिरून मी एक गोष्ट सांगत आलो. बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरचे लेबल वाचा. चाचणीची तारीख बघा, मुदत बघा, उगवणशक्ती बघा. सोयाबीनचा दाणा वरून टपोरा दिसला, तरी आत जीव आहे की नाही ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालूनच बघावे लागते. हे सांगणाऱ्याने स्वतः काय केले, ते आज ऐका.

आमच्या घरी मागे डिकी असलेली, चार दारांची जुनी मोटार आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर तिचे टायर गुळगुळीत झाले म्हणून मी तालुक्याच्या गावी गेलो. दुकानदाराने चार टायर पुढे केले. नक्षी खोल, रबर काळेभोर, भाव इतरांपेक्षा कमी. "साहेब, पाच वर्षे बघायला नको," तो म्हणाला. मी खाचेत बोट घालून पाहिले आणि पैसे मोजले.

२०२३ च्या जूनमध्ये आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याच्या गावी नेत होतो. पहिलाच पाऊस. रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून सगळे निसरडे झालेले. वळणावर शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. घसरत गेली ती थेट रस्त्याखालच्या काळ्या रानात रुतली. आईला खरचटलेसुद्धा नाही. पण मागून तिने माझ्या खांद्यावर ठेवलेला हात किती थरथरत होता, ते मी अजून विसरलो नाही.

एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. माझ्याच सभांना येणारे. त्यांचा मुलगा पंक्चरच्या दुकानात काम करतो. त्याने टायरवरचा चिखल पुसला आणि कडेला बोट ठेवले. "काका, हे चार आकडे बघितले होते का? १११७. म्हणजे २०१७ सालचा अकरावा आठवडा." मी विकत घेतले तेव्हाच ते टायर साडेपाच वर्षांहून जुने होते! जवळून पाहिले तर बारीक भेगाही दिसल्या. वडील हसून म्हणाले, "साहेब, आम्हाला पिशवीवरची तारीख वाचायला लावता अन्..." पुढचे ते बोलले नाहीत. गरजही नव्हती.

सगळा दोष टायरचा नव्हता. पहिल्या पावसात मीही जरा वेगात होतो. पण रबर वर्षांनी आणि उन्हाने कडक होत जाते. मग नक्षी शाबूत राहते आणि ओल्या रस्त्यावरची पकड मात्र जाते. टपोऱ्या पण न उगवणाऱ्या दाण्यासारखेच हे.

नंतरचे टायर मी वाण निवडावा तसे निवडले. एक होता कडक रबराचा. चालणार पुष्कळ, पण पावसात पकड बेताची. दुसरा रुंद आणि मऊ. पकड चांगली, पण लवकर झिजणारा, आणि कडा बुटकी म्हणून खड्ड्यात मार खाणारा. तिसरा लांबच्या प्रवासाचा, त्याला टूरिंग म्हणतात. रबर मध्यम, आवाज कमी, पाणी बाहेर काढायला चार लांब उभ्या खाचा. थंड देशांत बर्फासाठी हिवाळ्याचे टायर वेगळे घ्यावे लागतात. आपल्या बारमाही टायरला ऊन, खड्डे आणि पाऊस सोसायचा असतो. मी तिसरा घेतला.

आता टायरचे लेबल वाचू या. माझ्या टायरवर १८५/६५ आर १५ आणि पुढे ८८ एच असे आहे. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ इंचांची रिम. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार. तेव्हा डिकीत कांद्याची पोती कोंबताना विचार करा. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा, ती आपल्या उपयोगाची नाही. आयएसआयची खूण बघा. तारखेचे चार आकडे एका बाजूलाच असतात, म्हणून टायर उलटून बघा आणि शक्यतो त्याच वर्षाचा मागा. माप गाडीच्या पुस्तकात दिले असेल तेच घ्या.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पावसाळी रस्त्यासाठी त्याआधीच बदललेला बरा. दोनच नवे घेतले तर ते मागच्या चाकांना लावा. मागची चाके घसरली की गाडी फिरते, आणि ती सावरणे अवघड.

त्याच पावसाळ्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. निघताना ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "टायर वाचलेस का रे?"

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच मला लागली. शहाणे तुम्ही व्हा.