रिबेकाआजींचं घर

सेलम म्हणजे चेटकिणींचं गाव, अशी त्याची ख्याती. बॉस्टनला नणंदेकडे महिनाभर गेले होते, तेव्हा तिनंच आग्रहानं नेलं. आगगाडीनं जेमतेम अर्धा तास. गावात दुकानादुकानांतून झाडूवर बसलेल्या म्हाताऱ्या न्‌ काळ्या टोकदार टोप्या! जत्राच म्हणा ना. मला मेलं ते काही रुचलं नाही. तुम्ही कधी गेलात तर शेजारच्या डॅनव्हर्सला जा. १६९२ सालचं सेलम व्हिलेज ते हेच. तिथं रिबेका नर्स यांचं घर आणि शेत अजून राखून ठेवलं आहे.

रिबेकाआजी एकाहत्तर वर्षांच्या, आठ मुलांची आई, देवधर्म सांभाळणाऱ्या. गावातल्या काही मुलींना झटके येऊ लागले आणि वैद्यानं बाहेरची बाधा सांगितली. मग ‘हिची आकृती येऊन मला चिमटे काढते’ असं मुली सांगत, आणि न्यायालय तोच पुरावा धरी! बारा वर्षांच्या अ‍ॅन पटनमनं आजींचंही नाव घेतलं. पटनमांचे आजींच्या माहेरच्यांशी जमिनीवरून जुने वाद होतेच. तरी ३९ शेजाऱ्यांनी बाई चांगली आहे म्हणून सह्या करून दिल्या. त्या दिवसांत अशी सही म्हणजे उद्या शिपाई आपल्याच दारात!

पंचांनी आधी ‘निर्दोष’ म्हटलंही. पण मुलींनी एकच आकांत केला. तेव्हा मुख्य न्यायाधीशांनी पंचांना आजींचे शब्द आठवून दिले. एक कैदीण साक्षीला आली, तेव्हा ‘ही तर आमच्यातली’ असं त्या बोलल्या होत्या. आमच्यातली म्हणजे कैदी, की चेटकीण? पंचांनी विचारलं. आजी गप्प. कानांनी कमी ऐकू येई, त्यात दुःखानं सुन्न झालेल्या. गप्प राहिल्या म्हणून दोषी ठरल्या! १९ जुलैला फाशी झाली.

माझ्या सासूबाईंनाही कमी ऐकू येतं. त्या नुसती मान हलवतात, आणि ‘तुम्हीच तर हो म्हणालात’ म्हणून मी कितीदा तरी भांडले आहे. त्या घरात उभी असताना तेच आठवत राहिलं.

सप्टेंबरात धाकटी बहीण मेरी ईस्टीही गेली. तिनं अर्जात स्वतःचा जीव मागितला नाही. आणखी निरपराधांचं रक्त सांडू नका, एवढंच मागणं. एकूण १९ जण फासावर गेले, त्यांत १४ बायका. गुन्हा कबूल करून त्यावर ठाम राहिलेल्या मात्र वाचल्या!

अ‍ॅनचं पुढं लग्न झालं नाही. आईवडील वारल्यावर धाकट्या भावंडांचं तीच करीत होती. १७०६ साली चर्चमध्ये सगळ्यांदेखत उभं राहून तिनं माफी मागितली, त्यात आजींचं आणि त्यांच्या बहिणींचं नाव मुद्दाम घेतलं.

शेताच्या टोकाला नर्स घराण्याची दफनभूमी आहे. मुलांनी रात्री गुपचूप आईचा देह इथं आणला, असं त्या घरातले सांगत आले. आजींसाठी १८८५ साली उभारलेला स्तंभ आहे. जवळच १८९२ चा दगड, त्यावर सह्या करणाऱ्या शेजाऱ्यांची नावं. नणंद गाडीतून हाका मारीत होती. मी सगळी नावं वाचून मगच निघाले.