दिवा इथे, दुखणं तिथे

हेडलाइटची तक्रार घेऊन गाडी आली की मी आधी बॉनेट उघडत नाही. गाडी शेडच्या मागच्या भिंतीसमोर उभी करतो आणि गिऱ्हाइकालाच सुरू करायला सांगतो. वळणारे दिवे असले की बऱ्याच गाड्यांत ते पहिल्यांदा स्वतःची तपासणी करतात. उजेडाची कड खाली जाते, वर येते, आडवी सरकते आणि जागेवर थांबते. दोन-चार सेकंदांचा मामला, पण त्यात बरंच कळतं. एकाच बाजूची कड हलली नाही, तर त्या बाजूचा कपलर, वायर नाहीतर मोटर. दोन्ही कडा खाली जाऊन तिथंच बसल्या, तर मी टॉर्च घेऊन सरळ मागच्या चाकाखाली शिरतो.

इथं गिऱ्हाईक हमखास बोलतं. “लाइट पुढं हायेत ना भाऊ, तुम्ही मागं काऊन घुसून राहिले?”

मागच्या आर्मला एक छोटा सेन्सर असतो, काडीएवढ्या दांडीनं जोडलेला. डिकीत सोयाबीनची पोती टाकली की गाडी मागून बसते, नाक वर उचलतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सेन्सर हे ओळखतो आणि मोटर दिवे खाली घेते. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात त्या दांडीला असा थर देते की उन्हाळ्यात तो खरवडावा लागतो. दांडी तुटते, कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. तपासणी सोपी आहे. सहसा तीन वायरी असतात: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. दांडी हातानं हळूहळू हलवायची. सिग्नलचे व्होल्ट एकसारखे चढले-उतरले पाहिजेत. मध्येच उडी मारली की सेन्सर गेला.

ही झाली सरळ केस. एका गाडीनं मात्र मला चांगलंच खेळवलं. ती गाडी सपाटीवर बिनतक्रार. मलकापूरहून मोताळ्यापर्यंत काही नाही. राजूर घाट चढून बुलढाण्याकडे येताना, वरच्या वळणांवर, डॅशबोर्डवर पिवळी खूण पेटायची आणि उजवा दिवा मान खाली घालायचा. नेमका तिथं, जिथं वळणाऱ्या दिव्याचं खरं काम. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर जाऊनही हा वळणारा दिवा फारसा वळत नाही. राजूर घाटात प्रत्येक वळणावर त्याची परीक्षा. एका मोठ्या वर्कशॉपनं स्कॅनर लावून ‘उजव्या दिव्याची मोटर’ असा कोड वाचला होता आणि अख्खा दिवा बदलायचा अंदाज हातात दिला होता. आकडा ऐकून मालक घरी परतला, त्याचं काही चुकलं नाही.

कोड खोटा नव्हता. कोड म्हणजे दिवे चालवणाऱ्या मॉड्युलची तक्रार. मोटर सांगितल्याप्रमाणे हलत नाही, एवढंच त्याला दिसतं. का हलत नाही, ते त्याला कुठून कळणार? भिंतीसमोर दिवा शहाण्यासारखा वागला. मोटरच्या वायरी ठीक. कॅनच्या, म्हणजे मॉड्युल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन पीळ घातलेल्या वायरींमध्ये, बॅटरी काढून, ६० ओहम. म्हणजे दोन्ही टोकांचे १२०-१२० ओहमचे रेझिस्टर जागेवर. मग राहिला फक्त घाट. घाटात असं काय होतं, जे सपाटीवर होत नाही? इंजिन तापतं, रेडिएटरचा पंखा फुल स्पीडला जातो.

म्हणून गाडी उभ्या जागी तापवली. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी उजव्या दिव्याच्या अर्थच्या पिनेवर. दिवा चालू, पंखा बंद: शून्याच्या जवळ. पंखा फिरायला लागला आणि आकडा दीड व्होल्टवर गेला. जे व्होल्ट अर्थमध्ये अडकतात, ते दिव्याला मिळत नाहीत. पंखा आणि उजवा दिवा एकाच बोल्टवर अर्थ झालेले होते. कधीतरी गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं असावं. रंग न खरवडता त्यावरच रिंग आवळलेली. हिशेब करून बघा: ०.०५ ओहमचा अडथळा आणि ३० अँपिअरचा करंट, झाले दीड व्होल्ट. एवढासा अडथळा साध्या मीटरच्या ओहमवर सापडत नाही, त्याच्या काड्यांचाच त्याहून जास्त भरतो. म्हणून मी पोरांना सांगतो, वायर कामाला लावा आणि मग मोजा. एका केसाएवढ्या तारेवरही मीटर १२ व्होल्ट दाखवतं.

वळणारे दिवे तसे नवे नाहीत. सित्रोएन डीएस नावाच्या फ्रेंच गाडीत १९६७ सालापासून आतले दोन दिवे स्टिअरिंगबरोबर वळायचे, तेही तारेच्या केबलनं. तुटली तर डोळ्यांना दिसत असेल. मला त्या मेकॅनिकांचा हेवा वाटतो, थोडाच.

दिवे खाली बसण्यामागं एक विचार आहे, तो मला फार आवडतो. स्वतःवर भरवसा नसला की समोरच्याला त्रास नको म्हणून बऱ्याच सिस्टिम उजेड खाली घेतात. गिऱ्हाइकाला मात्र तो अपमान वाटतो. “मोटरचा कपलरच काढून टाका, लाइट वर फिक्स करा.” हे काम मी करत नाही. समोरून बिनलाइटची कापसाची ट्रॉली येत असते आणि तिच्यामागं मोटारसायकल. सेन्सर बदलला की सपाट जागेवर, टायरची हवा बघून, स्कॅनरनं बेसिक सेटिंग करतो. दिव्यावर १% लिहिलेलं असेल, तर १० मीटरवर उजेडाची कड १० सेंटिमीटर खाली पाहिजे. ते भिंतीवर आखून ठेवलं आहे.

घाटवाल्या गाडीचा बोल्ट काढला, पत्रा खरवडला, रिंग घासली, आवळून वर ग्रीस लावलं. पंखा फुल असताना आकडा ०.०८. रात्री मालकाला शेजारी बसवून घाट उतरलो, चढलो. खूण पेटली नाही.

“काय बदललं?”

“काही नाही. बोल्ट घासला.”

“मंग पैसे कायचे?”

बिलावर मी ‘अर्थिंग दुरुस्ती’ लिहिलं. त्यानं घासाघीस केलीच, मीही थोडे सोडले. त्यानंतर त्याच्या साडूची गाडी आली, काच वर-खाली होत नाही म्हणून.