पांगाऱ्याचा मासा

पांगाऱ्याला लाकूड म्हणून आमच्याकडे फारशी किंमत नाही. दाराला चालत नाही, चुलीत बघता बघता जळून जातं. पोराला विहिरीत पोहायला शिकवायचं असलं की मात्र पाठीला बांधायला पांगाराच आठवतो, कारण वाळल्यावर त्याला वजन म्हणून राहत नाही. मोठ्या माशाला भुलवायला गळाचा लाकडी मासा कोरणाऱ्याला नेमका हाच गुण हवा असतो. बाभळीचा मासा ओढला तर येतो, पण वळवळत नाही.

आमच्या कवठे येमाई गावाच्या बाजूने घोड नदी वाहते. डिंभे धरणाचं आवर्तन सुटलं, बंधारे तुंबले, की काठावर गळवाले दिसू लागतात. त्यांच्याकडे तंगूस, गळ आणि डब्यात गांडुळं, नाहीतर कणकेची गोळी. लाकडी मासा घेऊन येणारा तिथं चेष्टेचा विषय. ‘खायचा का खेळायचा?’ असं मलाही विचारतात. प्रश्न रास्त आहे.

करणं तसं अवघड नाही. बोटभर तुकडा चाकूने तासायचा, मग कानस, मग पॉलिश पेपर. पोटाकडून चीर पाडून तोंडापासून शेपटीपर्यंत एकच तार घालायची, म्हणजे लाकूड फुटलं तरी मासा हातचा जात नाही. शिशाची गोळी पोटातच, नाहीतर हा उताणा पोहतो. हनुवटीला पत्र्याची किंवा जुन्या सीडीची जीभ. सगळी करामत या जिभेची. ती अंगाच्या रेषेत आडवी बसवली तर मासा खोल बुडी मारतो, उभी केली तर वरच्या वर डुलत येतो. ओढताना पाणी एकदा या कडेवरून, एकदा त्या कडेवरून निसटतं आणि त्यानेच अंगाला हेलकावे बसतात. शेवटी लाखेच्या पॉलिशचे हात, कारण पाणी शिरलं की पांगारा फुगतो आणि रंग उकलतो. परीक्षा गुरांच्या हौदात. उजवीकडे पळत असेल तर नाकातली कडी चिमट्याने केसभर डावीकडे वळवायची.

रंगाची हौस मात्र आपली आपल्यालाच. खवले, कल्ले, डोळे रंगवण्यात रात्र घालवावी आणि घोडच्या गढूळ पाण्यात त्यातलं काहीच दिसू नये. फिनलंडच्या लॉरी रापाला या कोळ्याने १९३६ साली बूच कोरून पहिला मासा केला, तोही चांभाराच्या सुरीने. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. त्याने होडीतून एवढंच पाहून ठेवलं होतं, की मोठा मासा थव्यातल्या धडधाकटांना सोडून लटपटणाऱ्यावर तुटून पडतो. म्हणजे कोरायचा मासा नव्हेच, कोरायचं त्याचं व्यंग. हे कवठ्यात वेगळं समजावून सांगावं लागू नये. तमाशासाठी वगनाट्यं आणि गाणी लिहिणारे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे, आणि फडावरचा सोंगाड्या कपड्यांवर नाही, चालीवर हशा वसूल करतो.

पण ही चाल फक्त भुकेलाच फसवत नाही, आणि तिथं माझं मन कचरतं. मरळ हवा घ्यायला पाण्यावर येते. पावसाळ्यात तिच्या पिलांचा तांबूस पुंजका वर तरंगत असतो आणि खाली नर-मादी राखण करत असतात. त्या पुंजक्यातून लाकडाचा मासा ओढला, की पोटात भूक नसतानाही झडप येते. पिलांवर कुणीतरी चालून आलं असं त्यांना वाटतं. गळवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. इतकी खात्रीची झडप एरवी मिळत नाही, म्हणून पुंजका शोधत फिरणारेही आहेत. मला त्यात कसब दिसत नाही. कुठलीही काटकी तिथं चालेल, मग पांगारा तासायचा कशाला?

घोडवर येणाऱ्यांना एवढीच विनंती: तिहेरी गळ काढून एकच लावा, त्याचा उलटा काटा कानशीने घासून टाका, आणि पाण्यावर तांबूस पुंजका दिसला तर तंगूस गुंडाळून पुढच्या डोहाकडे चला. राखणदार उचलले की ती पिलं इतर माशांच्या तोंडी जातात.